सेल्फ मारतो पण गाडी चालू होत नाही, मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतोय: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कराडला हायवेच्या कडेला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो मी. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बंद पडलेल्या आणि गणपतीला कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे निघालेल्या गाड्या आमच्याकडे येतात, आणि त्यातले निम्मे लोक दारातच म्हणतात, "सेन्सर गेलाय बहुतेक". खरं तर बऱ्याचदा गाडीने चावीच ओळखलेली नसते आणि इमोबिलायझर, म्हणजे चोरी होऊ नये म्हणून इंजिन अडवणारी यंत्रणा, आडवा आलेला असतो. फोनवरही तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितोय. घाईत असाल तर आधी "रस्त्यात अडकलोय" हा प्रश्न वाचा, बाकीचं घरी जाऊन वाचा.

इमोबिलायझर म्हणजे नक्की काय असतं?

चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते, काही चाव्यांत काचेची छोटी नळी असते तर काहींत काळा तुकडा. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक गोल कॉइल बसवलेली असते, चावी ऑन केली की ती कॉइल १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडते, त्यावरच चिप जागी होते आणि आपला कोड सांगते, तो कोड गाडीच्या ईसीएमशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) जुळला तरच इंजेक्टरला पेट्रोल-डिझेल सोडायची परवानगी मिळते. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं म्हणून आपल्याला कधी कळतच नाही. मारुतीवाले याला आयकॅट्स म्हणतात, बाकी कंपन्यांची नावं वेगळी पण काम तेच.

आणि लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो: दरवाजे उघडणारा रिमोट, वाजणारा सायरन आणि इंजिन अडवणारा इमोबिलायझर ही तीन वेगवेगळी कामं आहेत. रिमोट चालतो म्हणजे चिप चांगली आहे असं नाही, आणि रिमोट मेला म्हणजे गाडी चालू होणार नाही असंही नाही.

मीटरवरचा दिवा कसा ओळखायचा?

गाडीच्या चित्रात चावी, नुसती चावी किंवा कुलूप, असं चिन्ह असतं. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद दिसून विझलं तर सगळं ठीक. इग्निशन ऑन असताना ते लुकलुकत राहिलं तर गाडीने चावी ओळखलेली नाही. होंडामध्ये हे हिरव्या चावीचं चिन्ह असतं, मारुतीत गाडी आणि चावी. गाडी लॉक करून उभी असताना डॅशबोर्डवर हळूहळू लुकलुकणारा लाल दिवा मात्र वेगळा, तो सिक्युरिटी चालू आहे एवढंच सांगतो, त्याला घाबरू नका.

हे इमोबिलायझरमुळेच आहे का बॅटरीमुळे, कसं कळणार?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो कारण माझ्याकडे "सेन्सर गेला" म्हणून आलेल्या गाड्यांत बऱ्याच वेळा बॅटरीच निघते. कान आणि डोळे दोन्ही वापरा.

चावी फिरवल्यावर नुसता खटखट आवाज येतोय, मीटरचे दिवे मंद होतायत, हॉर्न रडल्यासारखा वाजतोय: बॅटरी डाऊन आहे किंवा टर्मिनल ढिले आहेत. सेल्फ जोरात, नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडत नाही, किंवा चालू होऊन एक-दोन सेकंदात आपोआप बंद पडतंय आणि चावीचा दिवा लुकलुकतोय: हा इमोबिलायझर. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन पकडत नाही पण चावीचा दिवा व्यवस्थित विझलाय: मग इमोबिलायझरला सोडा आणि गाडीतला पेट्रोलचा पंप, फ्यूज, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) हे तपासा. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक "घूं" असा पंपाचा आवाज यायला हवा, आतला पंखा आणि टेप बंद करून ऐका. काही गाड्यांत मात्र चावी ओळखली नाही तर सेल्फच मारत नाही, तेव्हा "आवाजच नाही" म्हणजे नक्की बॅटरी असं समजून चालू नका, हेडलाइट लावून बघा, प्रकाश चांगला असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी चावीचा दिवा बघा.

मल्टीमीटर असेल तर काम सोपं. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली असेल तर चार्ज करा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दमली. हे का महत्त्वाचं, तर व्होल्टेज पडला की ईसीएम आणि इमोबिलायझरचं एकमेकांशी बोलणंच तुटतं आणि चावी चांगली असूनही दिवा लुकलुकतो, मग माणूस चावीच्या मागे लागतो आणि खरा गुन्हेगार बॉनेटखाली बसलेला असतो.

रस्त्यात अडकलोय, आत्ता या क्षणी काय करू?

आधी गाडी कडेला घ्या, हजार्ड लावा, रात्र असेल तर कुटुंबाला गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्यापासून लांब कठड्याच्या पलीकडे उभं करा. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ ला फोन लावून ठेवा, बाकी कुठेही ११२.

मग शांतपणे हे करा. चावी काढा, सगळे दरवाजे बंद करून रिमोटने एकदा लॉक आणि अनलॉक करा. चावीच्या जुडग्यातून बाकीचं सगळं काढा, विशेषतः दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी आणि जाड धातूचं किचेन, कारण दोन चिपा एकदम कॉइलजवळ आल्या की गाडी गोंधळते (घरात दोन गाड्या आणि एकच जुडगा असलेल्यांना हे फार वेळा होतं). चावी ऑन करून तशीच दहा-पंधरा सेकंद ठेवा, दिवा विझतोय का बघा, नाही विझला तर ऑफ करून परत एकदा. मग चावी उलटी करून घालून बघा, चिप कॉइलच्या जरा वेगळ्या बाजूला येते आणि जुन्या सैल चावीत तेवढ्यानेही काम होतं.

मॅन्युअल गाडी असेल तर क्लच पूर्ण तळापर्यंत दाबलाय ना? गाडीतला जादाचा मॅट क्लचखाली सरकलेला असतो आणि क्लचचा स्विच दाबलाच जात नाही, आणि आपण इकडे सिक्युरिटीला शिव्या देत बसतो. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर पी वर घेऊन ब्रेक जोरात दाबा, नाही झालं तर एन वर घेऊन बघा.

त्यानंतर बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवा. हलले तर तिथेच उत्तर मिळालं. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाणी ओतून पुसून घट्ट करा. मग दुसऱ्या गाडीवरून जम्प द्या: लाल केबल दोन्हीकडे प्लसला, काळी आधी चांगल्या गाडीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. प्लस-मायनस उलटं झालं तर मेन फ्यूज किंवा ईसीएमच उडतो, म्हणून ढाब्यावरच्या मदतीला आलेल्या माणसाच्या हातात केबल देऊ नका, स्वतः बघून लावा.

एवढं करूनही दिवा लुकलुकत असेल तर आता घरून दुसरी चावी मागवा. खरं सांगतो, दुसरी चावी हीच या सगळ्यातली सर्वात स्वस्त टेस्ट आहे. दुसरीने चालू झाली तर बिघाड पहिल्या चावीत, दुसरीनेही नाही झाली तर बिघाड गाडीत. माझ्याकडच्या महागड्या स्कॅनरलाही हे इतक्या पटकन सांगता येत नाही.

बटन स्टार्ट गाडी आहे आणि "की नॉट डिटेक्टेड" असं येतंय

बहुतेक वेळा रिमोटचा सेल संपलेला असतो. ब्रेक किंवा क्लच दाबून, रिमोट हातात धरून रिमोटनेच स्टार्टचं बटन दाबा, म्हणजे रिमोट बटनाला टेकलेला राहील. ह्युंदाई, मारुती, टोयोटा अशा बऱ्याच गाड्यांत हे चालतं कारण सेल मेला तरी आतली चिप बटनाजवळच्या कॉइलवर जागी होते. काही गाड्यांत ही जागा कपहोल्डरमध्ये किंवा आर्मरेस्टखाली असते, मॅन्युअलमध्ये ते पान शोधून आजच फोटो काढून ठेवा. दरवाजा उघडत नसेल तर रिमोटच्या आत लोखंडी चावी असते, बाजूचा खटका दाबला की बाहेर येते. ही चावी असते हेच कित्येक लोकांना माहीत नसतं, एका काकूंनी पाच वर्षं वापरलेल्या रिमोटमधून ती मी काढून दाखवली तेव्हा त्यांना खरं वाटेना.

सेल नवा असूनही येत असेल तर रिमोट मोबाईलच्या मागे, वायरलेस चार्जरवर किंवा लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलाय का बघा, बाजूला काढून परत प्रयत्न करा.

साध्या चावीच्या गाडीत रिमोटचा सेल संपला तर गाडी चालू होणार नाही का?

होणार. चिपला सेल लागत नाही. फक्त दरवाजा चावीने उघडावा लागेल. सेल बदलायचा असेल तर बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो, काहींत सीआर १६२० किंवा २०२५, जुन्यावरचा नंबर वाचूनच घड्याळवाल्याकडून घ्या, जाडी वेगळी असली तर नीट टेकत नाही.

चावी पाण्यात पडली किंवा खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघाली

चिपला पाण्याने सहसा काही होत नाही, मरतं ते रिमोटचं सर्किट. ताबडतोब उघडा, सेल काढा, समुद्राचं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा कारण मीठ आत राहिलं की चार दिवसांत सर्किट खातं, मग पंख्याखाली एक दिवस वाळवा. हेअर ड्रायर जवळ धरू नका. आणि चावी उघडताना खाली कापड अंथरा, चिप सुटी बसवलेली असली तर टुणकन उडून जाते आणि ती हरवली की गाडी कायमची अनोळखी. चावीचं कव्हर बदलताना जुन्या कव्हरमध्येच चिप राहिली आणि जुनं कव्हर कचऱ्यात गेलं, अशी माणसंही रडवेली होऊन आलेली आहेत.

बाजारातून डुप्लिकेट चावी बनवली, दरवाजा उघडतो पण गाडी चालू होऊन बंद पडते

त्या चावीत चिप नाही. रस्त्यावरचा चावीवाला लोखंडाचे दात कापून देतो, ते कुलपाला पुरतं, ईसीएमला नाही. चिपची चावी बनवायला गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला मशीन लावून चावी प्रोग्राम करावी लागते. बिनचिपची चावी फेकू नका, गाडीत चावी विसरून दरवाजा लॉक झाला तर तीच उपयोगी पडते.

गाडीत बाहेरून सिक्युरिटी सिस्टिम बसवलीय, त्याचा प्रॉब्लेम असू शकतो का?

असू शकतो, आणि माझ्या अनुभवात कंपनीच्या इमोबिलायझरपेक्षा हेच जास्त सतावतं. बेस मॉडेल घेतलं की लोक अॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन सेंट्रल लॉक, सायरन, जीपीएस बसवून घेतात, आणि त्यात "इंजिन कट" नावाची सोय असते: इग्निशनची किंवा पेट्रोल पंपाची वायर मधून कापून तिथे एक रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, घालतात. तो रिले सिस्टिमने सोडला तरच करंट पुढे जातो.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं सांगतो. गणपतीला गुहागरला निघाले, पोफळीजवळ भर पावसात गाडी बंद, सेल्फ जोरात, चावीचा दिवा व्यवस्थित विझलेला. घाटाखाली तीन तास ते लहान मुलांना घेऊन बसले. मी पोचलो, स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं तर पंपाच्या वायरला नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळलेली, सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, ओलीने आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि रिलेचा पाय जळून काळा. बसवणाऱ्या दुकानाने दहा मिनिटांचं काम वाचवलं होतं. मी रिले बाजूला काढून मूळ वायर सोल्डर करून जोडली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू. त्या दिवशीचा माझ्या बहिणीचा चेहरा अजून आठवतो म्हणून कळकळीने सांगतोय: बाहेरून काही बसवलं असेल तर इंजिन कटची वायर कुठे कापलीय आणि रिले कुठे ठेवलाय हे दुकानदाराकडून दाखवून घ्या, फोटो काढा, गाडीत मॅन्युअल ठेवा.

अशा सिस्टिममध्ये बहुतेक वेळा एक लपवलेलं बटन असतं ज्याने इमर्जन्सीत ती बंद करता येते, इग्निशन ऑन करून ते दाबायचं. कुठे आहे ते तुम्हाला माहीत हवं. आणि जीपीएसच्या अॅपमध्ये "इंजिन ऑफ" असेल तर घरातल्या कुणाचा चुकून हात लागलाय का तेही विचारा.

सायरन वाजतच राहतो, शेजारी ओरडतायत

रिमोटने लॉक केलेली गाडी नुसत्या चावीने उघडली की बऱ्याच गाड्यांत सायरन वाजतो. ओरिजिनल चावी इग्निशनला लावून ऑन करा, कंपनीची सिस्टिम असेल तर थांबतो. रात्री-अपरात्री आपोआप वाजत असेल तर बॉनेटचा किंवा डिकीचा स्विच बघा, बॉनेट नीट बसलं नाही किंवा स्विचमध्ये पाणी-चिखल गेला की गाडीला वाटतं कुणीतरी उघडलं. पावसाळ्यात हेच जास्त.

चावी आत जाते पण फिरतच नाही

हा स्टिअरिंग लॉक. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी हळूच फिरवा. जोर लावून चावी मोडू नका.

बॅटरीची वायर काढून ठेवली तर रीसेट होईल का? यूट्यूबवर दहा-दहा मिनिटं तीनदा चावी ऑन ठेवा म्हणतात

मायनस काढून दहा-पंधरा मिनिटांनी लावली की अडकलेला सायरन किंवा बाहेरची सिस्टिम कधीकधी सुधारते, पण चाव्यांचे कोड मेमरीत कायमचे लिहिलेले असतात, ते बॅटरी काढून जात नाहीत आणि नवीन चावी त्याने शिकत नाही. काही म्युझिक सिस्टिम बॅटरी काढून लावल्यावर कोड मागतात, तो जवळ नसेल तर वायर काढण्याआधी विचार करा.

तो दहा मिनिटं तीनदावाला उपाय अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या पासलॉक नावाच्या चोरीविरोधी सिस्टिमचा आहे. आपल्याकडच्या मारुती-ह्युंदाईला तो लागू नाही. अर्धा तास चावी ऑन ठेवून उरलीसुरली बॅटरी मात्र संपते.

धक्का मारून चालू होईल का?

बॅटरी डाऊन असेल आणि मॅन्युअल गाडी असेल तर होऊ शकते. इमोबिलायझरने अडवली असेल तर गावभर ढकलली तरी नाही. ऑटोमॅटिकला ढकलूच नका.

उंदरांमुळे असं होतं का?

हो. पाऊस सुरू झाला की उबेला बॉनेटखाली येतात, रात्रभरात वायरिंग कुरतडतात, त्यातली एखादी सेन्सरची किंवा ईसीएमची वायर निघते. बॉनेट उघडून एअर फिल्टरजवळ आणि बॅटरीच्या ट्रेमागे लेंड्या, कागदाचे तुकडे, वायरीवर दातांच्या खुणा आहेत का बघा. दिसल्या तर सेल्फ मारत राहू नका, उघड्या वायरी एकमेकांना टेकून फ्यूज जातात.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरने कळेल का?

थोडंफार. पी०५१३ हा कोड आला तर गाडीला चावी चुकीची वाटतेय, पी०६३३ म्हणजे ईसीएममध्ये चावी प्रोग्रामच नाही, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरशी बोलणं तुटलंय, आणि पी०३३५ आला तर भानगड क्रँक सेन्सरची. पण बरेच स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, इमोबिलायझरच्या भागात शिरतच नाहीत, त्यामुळे "कोड नाही" याचा अर्थ "बिघाड नाही" असा घेऊ नका.

दोन्ही चाव्या हरवल्या, आता?

आधी पोलिसांत हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्या, मग आरसी आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. गाडी टोइंगने न्यावी लागते. काही मॉडेलमध्ये नवीन चाव्या प्रोग्राम होतात, काहींत ईसीएम आणि लॉकचा पूर्ण सेटच बदलायला सांगतात आणि तिथे खर्च पोटात गोळा आणणारा होतो. नवीन गाडीबरोबर चावीचा नंबर असलेला छोटा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला मिळतो, तो किचेनलाच लावून फिरू नका, घरी कागदपत्रांत ठेवा. इन्शुरन्समध्ये चावी बदलून मिळण्याचं अॅड-ऑन घेतलंय का तेही बघा. प्रोग्राम करताना हरवलेल्या चाव्यांचे कोड पुसून टाकायला नक्की सांगा.

हे सगळं नकोच, इमोबिलायझर बायपास करून द्या ना?

रोज कुणीतरी विचारतं आणि मी नाही म्हणतो. रस्त्यावर अडकलेल्या माणसाचा वैताग मला कळतो. पण युरोपात १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, ते उगीच नाही. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या साध्या चावीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो बसवलेलाच नव्हता, आणि २०२१-२२ मध्ये पोरं स्टिअरिंगखालचं कव्हर तोडून यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या चालू करून पळवत होती. बायपास केलेली तुमची गाडी त्याच रांगेत जाऊन बसते. वर गाडी चोरीला गेली आणि वायरिंगमध्ये छेडछाड निघाली तर क्लेमला अडचण. बिघडलेली कॉइल किंवा चावी दुरुस्त करणं बऱ्याचदा वाटतं तितकं महाग नसतं.

सेकंडहँड गाडी घेतोय, काय तपासू?

दोन्ही चाव्या हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दोन्हीने गाडी चालू करून बघा, नुसता दरवाजा उघडून नाही. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्स कंपनी मूळ दोन्ही चाव्या मागते, एकच असेल तर उत्तरं देता देता नाकी नऊ येतात. एकच मिळत असेल तर दुसरी बनवायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या, आणि बनवतानाच जुने सगळे कोड पुसून फक्त तुमच्या दोन चाव्या शिकवायला लावा, कारण तिसरी चावी आधीच्या मालकाच्या कपाटात पडलेली असू शकते. स्टिअरिंगखाली वाकून टॉर्चने बघा, काळ्या टेपचे गुंडाळे लटकताना दिसले तर वायरमनला दाखवूनच व्यवहार करा. आणि ती दुसरी चावी घरी कपाटात ठेवलीत तरी महिन्यातून एकदा तिनेच गाडी चालू करा, म्हणजे ती मेलीय हे घाटात न कळता दारातच कळेल.